चारही चाकांना जोर देणारी जुनी गाडी

साध्या मोटारीत इंजिनाचा जोर पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळतो. चारही चाकांना तो पोचवायचा तर गाडीच्या पोटाखाली बराच जादा सरंजाम लागतो. जोर पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस, लांबलचक प्रोपेलर शाफ्ट, दुसरे डिफरन्शियल, आणखी दोन ॲक्सल आणि या सगळ्यांची बेअरिंगे, रबरी बूट, ऑइल सील. गाडी नवी असते तोवर हे सारे निमूटपणे चालते आणि मालकाला त्याची आठवणही होत नाही. दहा-पंधरा वर्षांनी दुरुस्तीचे बिल येते ते बहुधा याच न आठवलेल्या भागांचे. आणि हे भाग चिखलात राबून क्वचितच मरतात. ते बिघडतात बेमेळ टायरांनी आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या ऑइलने.

महाराष्ट्रातल्या घरगुती वापरात अशा गाड्यांच्या तीन जाती दिसतात. पहिलीत १९८५ साली आलेली मारुती जिप्सी आणि टाटा सफारी (१९९८), महिंद्र स्कॉर्पिओ (२००२) यांच्या फोर बाय फोर आवृत्त्या येतात. एरवी मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाड्यांत लिव्हर ओढून किंवा खटका फिरवून पुढची चाके जोडली जातात. जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मधे ढिलाई नसते. दुसऱ्या जातीत होंडा सीआर-व्ही, चाकणला बनलेल्या महिंद्र एक्सयूव्ही ५०० (२०११) ची चारचाकी आवृत्ती आणि २०१४ साली आलेली चारचाकी जोराची रेनॉ डस्टर. यांची पुढची चाके कायम ओढतात. ती घसरू लागली की मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी बसवलेले कपलिंग आपल्या क्लच प्लेटा आवळते आणि मागची चाके कामाला लागतात. तिसरी जात कायम चारही चाकांवर चालणाऱ्यांची. जनरल मोटर्सने भारतात शेव्हरलेच्या नावाने विकलेली फॉरेस्टर, म्हणजे मूळची जपानी सुबारू, ही तिची आपल्याकडची ओळखीची प्रतिनिधी. आपल्या गाडीची जात कोणती हे ठाऊक नसताना केलेली देखभाल हमखास चुकते, कारण एका जातीला जे चालते ते दुसरीला मारक ठरते.

गाडी कुठे चालते यावरही देखभाल ठरते. उदाहरण अक्कलकोटचे. ते सोलापूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणारी पुण्या-मुंबईची कुटुंबे डांबरी रस्त्याने येतात आणि त्याच रस्त्याने तुळजापूर किंवा गाणगापूर करून परततात. त्यांच्या गाडीला चारही चाके जोडायची वेळ येत नाही. तालुक्यातल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी. आठवडाभर गाडी शाळा, बाजार आणि सोलापूरच्या दवाखान्याच्या फेऱ्या मारते आणि मग एखाद्या दिवशी पाणंदीने शेतावर जाते. जमीन काळी, कापसाची. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसून भेगाळते, आणि ओली असताना टायरच्या नक्षीत अशी भरते की नवा टायरही गोटा टायरसारखा घसरतो. सोलापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, म्हणजे खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी यांच्या सांध्यावर. चार चाकांचा जोर खरोखर उपयोगी पडतो तो याच मोजक्या दिवसांत. तरीही वाफसा येण्याआधी काळ्या रानात गाडी घालणे कोणत्याही यंत्रणेला जमत नाही. तिथे ट्रॅक्टरही विचार करतो.

देखभालीची सुरुवात टायरांपासून करावी लागते. डस्टरला २१५/६५ आर१६ मापाचा टायर बसतो. त्याचा व्यास हिशोबाने ६८६ मिलिमीटर भरतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल धरली आणि ती झिजून ३ मिलिमीटरवर आली, तर व्यास १० मिलिमीटरने घटतो. नवा टायर किलोमीटरला सुमारे ४६४ फेरे घेतो, झिजलेला ४७१. फरक सात फेऱ्यांचा. अक्कलकोटहून सोलापूरला पोचेपर्यंत झिजलेले चाक नव्यापेक्षा सुमारे २७५ फेरे जास्त फिरलेले असते.

साध्या गाडीत याने काही बिघडत नाही. पण पुढे दोन झिजलेले आणि मागे दोन नवे टायर असले, तर दुसऱ्या जातीच्या गाडीतील कपलिंगला हा फरक म्हणजे पुढची चाके सतत किंचित घसरत आहेत असे भासते. प्लेटा एकमेकींवर घासत राहतात, तापतात, ऑइल जळते. फॉरेस्टरमध्ये मधल्या डिफरन्शियलला व्हिस्कस कपलिंग जोडलेले असते. बंद डब्यात भोके पाडलेल्या पातळ चकत्या आणि त्यांच्यामधे दाट सिलिकॉन द्रव, अशी त्याची रचना. पुढचा-मागचा वेग सारखा वेगळा राहिला की तो द्रव तापून बिघडतो आणि चकत्या एकमेकींना चिकटल्यासारख्या वागू लागतात. त्यानंतर वळणावर गाडी अडखळते आणि टायर आणखी झिजतात. सुबारूची अट कडक आहे. चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. नक्षीच्या भाषेत हे जेमतेम १ मिलिमीटर होते.

अक्कलकोटसारख्या गावात ही अट जड जाते. एक टायर दगडाने कापला गेला की दुकानदार एकच नवा देतो, गिऱ्हाईकही एकच मागते, आणि पुढच्या दोन वर्षांत होणाऱ्या नुकसानीचा या पावतीशी संबंध कुणी जोडत नाही. त्यावरचा व्यवहारी तोडगा असा: दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी, स्टेपनी त्याच मापाची असेल तर तिलाही त्या फेऱ्यात घ्यावे, म्हणजे पाचही टायर बरोबरीने झिजतात आणि एखादा फुटला तर जोडीचा हाताशी असतो. कंपनी आणि नक्षी चारही चाकांना एकच हवी. छापील माप सारखे असले तरी दोन कंपन्यांच्या टायरांचा प्रत्यक्ष घेर वेगळा निघतो. हवेचा दाब थंड टायरावर, सकाळी तपासावा. उन्हाळ्यात दुपारी ४० अंशांच्या वरच्या तापमानात मोजलेला दाब वाढीव दिसतो आणि तो पाहून हवा काढली की रात्री टायर कमी हवेचा होतो. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण काळ्या मातीसाठी ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर काही कामाचा नाही.

टायर जुळलेले आहेत की नाहीत आणि कपलिंग मोकळे आहे की नाही, हे एका सोप्या चाचणीत कळते. मोकळ्या कोरड्या जागेवर स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये गाडी सावकाश गोल फिरवावी. ती सहज फिरायला हवी. कुणी ब्रेक धरल्यासारखी ओढ लागली, टायर करकरले किंवा मागून धक्के बसले तर कपलिंग अडकले आहे. पहिल्या जातीच्या गाडीत ही चाचणी पुढची चाके सोडवूनच करायची. जोडलेल्या अवस्थेत डांबरावर वळताना तिला अशी ओढ लागतेच, कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात आणि शाफ्टांत पीळ भरतो. म्हणूनच सफारी किंवा जिप्सी कोरड्या डांबरावर फोर बाय फोरमध्ये चालवायची नसते. लिव्हर अडकून बसलीच, तर जोर न लावता गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्यावी. पीळ सुटतो आणि लिव्हर निघते.

ऑइलचा विषय गॅरेजमध्ये सर्वाधिक उडवून लावला जातो. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारा मालकही डिफरन्शियलचे ऑइल गाडी घेतल्यापासून तेच आहे हे सहज सांगतो. चारचाकी जोराच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सशिवाय किमान दोन-तीन वेगळी ऑइले असतात, आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मागच्या डिफरन्शियलला बहुधा ८०डब्ल्यू-९० आणि जीएल-५ प्रतीचे, म्हणजे फिटरच्या तोंडचे नव्वद नंबर ऑइल लागते. मॅन्युअल गिअरबॉक्सला पुष्कळदा जीएल-४ हवे असते; जीएल-५ मधली काही गंधकयुक्त रसायने गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना खातात. अनेक ट्रान्सफर केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल, पातळ ऑइल असते.

जुन्या सीआर-व्हीचे उदाहरण यात सर्वांत बोलके. तिच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये दोन छोटे पंप असतात. एक पुढच्या चाकांच्या वेगाने फिरतो, दुसरा मागच्या. वेग सारखे असले की एकाचे ऑइल दुसरा शोषून घेतो आणि दाब तयार होत नाही. पुढची चाके घसरली की पहिला पंप वरचढ होतो आणि वाढलेला दाब क्लच प्लेटा आवळतो. कुठला संगणक नाही की खटका. पण या रचनेला होंडाचे खास ड्युअल पंप ऑइलच लागते. ते जुने झाले की गल्लीत वळताना मागून घरघर ऐकू येते आणि फिटर डिफरन्शियल गेले म्हणून मोकळा होतो. पुष्कळदा जुने ऑइल काढून योग्य ऑइल भरले की हा आवाज जातो. त्याच डब्यात साधे नव्वद नंबर ओतले, तर मात्र फिटरचे भाकीत खरे ठरते.

ऑइल बदलण्याचा एक नियम कधीच मोडायचा नाही. आधी वरचा, भरायचा नट उघडून पाहावा आणि तो सुटला तरच खालचा काढावा. पंधरा वर्षांत न उघडलेला वरचा नट गंजून घट्ट झालेला असतो. खालून ऑइल काढून टाकल्यावर तो सुटला नाही, तर गाडी तिथेच अडकते. गाडी आडवी-उभी समतल असावी आणि ऑइल वरच्या भोकाच्या काठापर्यंत यावे. खालच्या नटाला लोहचुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ लेप दिसला तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा सापडला, तर डिफरन्शियल उघडावेच लागते. अवधीचा विचार करता धुळीत आणि उन्हात चालणाऱ्या जुन्या गाडीला ४० हजार किलोमीटर ही सुरक्षित मर्यादा आहे. कपलिंगचे ऑइल वेगळे असेल तर त्याचे वेळापत्रक गाडीच्या पुस्तकातून घ्यावे.

ऑइलचा खरा शत्रू पाणी. डिफरन्शियल चालून तापते, आतली हवा फुगते; ती बाहेर पडायला माथ्यावर एक बारीक ब्रीदर असतो. काळ्या चिखलाने तो बुजला की दोन गोष्टी होतात. आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, आणि तापलेले डिफरन्शियल अचानक थंड पाण्यात बुडाले तर आत पोकळी तयार होऊन त्याच सीलमधून पाणी आत ओढले जाते. अक्कलकोट तालुक्यात बोरी आणि हरणा नद्या आहेत, ओढ्यांवर जागोजागी फरशी पूल आहेत; ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत बोरीकाठच्या गावांत पाणी शिरले होते. अशा पाण्यातून गाडी काढावी लागलीच, तर दुसऱ्याच दिवशी मागच्या डिफरन्शियलचा वरचा नट सैल करून थोडे ऑइल पाहावे. ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. एका बदलाने ते पूर्ण जात नाही. नवे भरून थोडे चालवून पुन्हा बदलावे. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे तोंड उंचावर, बॉडीच्या आडोशाला नेणे हा स्वस्त आणि कायमचा उपाय आहे.

पोटाखालचे रबरी बूट दर सर्व्हिसला हाताने चाचपावेत. नुसते पाहून भागत नाही, कारण चीर बहुधा घड्यांच्या आत असते. बूट फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडते आणि त्या जागी माती जाते. वळताना कट-कट ऐकू येऊ लागली की ॲक्सलच्या टोकाचा सीव्ही जॉइंट खाल्ला गेलेला असतो. नुसता बूट बदलण्याचा आणि अख्खा ॲक्सल बदलण्याचा खर्च यांत कित्येक पटींचे अंतर आहे. प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला निप्पल असेल तर ग्रीस गनने भरत राहावे. चारही टोकांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत. गिअर टाकताना पोटाखालून टणकन आवाज आला तर क्रॉस पाहावा, ठरावीक वेगाला गाडी थरथरली तर मधले बेअरिंग. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या फ्लँजवर पंचने खूण करायला फिटरला आवर्जून सांगावे. उलटा बसलेला शाफ्ट तोल सोडतो आणि मग नसलेला दोष शोधण्यात आठवडा जातो.

चिखल त्याच दिवशी धुवावा. काळी माती वाळली की रिमच्या आत घट्ट बसते, चाकाचा तोल बिघडतो आणि रस्त्यावर स्टिअरिंग थरथरू लागते. अलाइनमेंटवर पैसे घालवण्यापूर्वी रिम आतून पाहिले तर बरे. धुताना प्रेशरचा फवारा सील, बूट आणि ब्रीदरवर सरळ मारू नये.

इंजिनाची निगा इतर गाड्यांसारखीच, फक्त स्थानिक तीन गोष्टी सांभाळाव्यात. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतले की क्षार धरतो, तेव्हा तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेले कूलंटच वापरावे. ऊस वाहतुकीच्या हंगामात आणि मळणीच्या दिवसांत धूळ-भुसा इतका उडतो की एअर फिल्टर निम्म्या अवधीत तपासावा लागतो आणि रेडिएटरच्या जाळ्या इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने धुवाव्या लागतात. तिसरे, टायमिंग बेल्ट नुसत्या किलोमीटरवर नव्हे तर वयावरही बदलावा. कमी चाललेल्या गाडीतही उन्हाने रबर म्हातारे होते.

नव्या पिढीच्या गाड्यांत बिघाड पुष्कळदा लोखंडात नसून तारेत असतो. कपलिंगला कधी आवळायचे हे एबीएसच्या चाकावरील सेन्सरांवरून ठरते. एका सेन्सरवर चिखल चढला किंवा शेडमधल्या उंदरांनी तार कुरतडली, की एबीएसचा आणि चारचाकी यंत्रणेचा दिवा एकदम लागतो आणि मागची चाके सुटतात. दोन दिवे एकत्र लागले तर आधी सेन्सर पुसावा, मग बॅटरीचा दाब तपासावा, मग स्कॅनर लावावा. स्कॅनरने दाखवलेला बिघाडाचा कोड पुसण्याआधी लिहून ठेवावा. पुसलेला कोड म्हणजे गेलेला पुरावा.

आवाज शोधण्यासाठी गाडीचे एक चाक जॅकवर उचलून इंजिन गिअरमध्ये चालवायची सवय अनेक गॅरेजांत आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीत ती खपून जाते. इथे जमिनीवरची चाके ओढतात आणि गाडी जॅकवरून उडी घेते. चारही चाके घोड्यांवर घेतल्याशिवाय अशी गाडी गिअरमध्ये चालवू नये. ओढून नेतानाही तेच. दोन चाके उचलून दोन रस्त्यावर ठेवणारी क्रेन कपलिंग जाळते. सपाट पाठीचा ट्रक मिळेपर्यंत थांबणे, किंवा ट्रॅक्टरने दोराने ओढायचेच असेल तर न्यूट्रलमध्ये, चारही चाके जमिनीवर ठेवून, फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश नेणे, एवढेच पर्याय उरतात.

सुट्या भागांच्या बाबतीत या गाड्यांचे दोन भाग पडतात. डस्टरचे १.५ लिटर डिझेल इंजिन त्याच कुळातल्या महिंद्र-रेनॉ लोगनमध्ये होते. ती नाशिकला बनायची, पुढे तिचे नाव व्हेरिटो झाले. त्यामुळे सोलापुरातल्या फिटरांना ते परके नाही आणि त्याचे भाग मिळतात. चारचाकी आवृत्तीचे कपलिंग, मागचे डिफरन्शियल आणि मागचे स्वतंत्र सस्पेन्शन मात्र साध्या डस्टरमध्ये नसते. तेवढ्यासाठी पुण्याच्या किंवा कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात जावे लागते. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, तेव्हा फॉरेस्टरचा मालक तर परदेशी मागणीवरच अवलंबून आहे. जुने डिफरन्शियल घेताना चासी नंबर आणि पार्ट नंबर तर जुळवावाच, शिवाय दातांचे गुणोत्तर तपासावे. पुढचे आणि मागचे गुणोत्तर वेगळे निघाले तर बेमेळ टायरांचे सगळे दुखणे कितीतरी मोठ्या प्रमाणात आणि पहिल्याच दिवसापासून सुरू होते.

मागची यंत्रणा दुरुस्त करणे परवडेनासे झाले की शाफ्ट काढून गाडी दोन चाकांवर चालवण्याचा सल्ला मिळतो. दुसऱ्या जातीत तो काही काळ चालतो. ट्रान्सफर केसचे तोंड नीट बंद करून तिच्यात ऑइल ठेवावे लागते आणि डॅशबोर्डवरचा दिवा सहन करावा लागतो. फॉरेस्टरसारख्या गाडीत तो चालत नाही, कारण मागचा भार नाहीसा होताच सगळा फरक मधल्या व्हिस्कस कपलिंगवर येतो. पहिल्या जातीत पुढचा शाफ्ट काढल्याने फारसे अडत नाही, पण मग फोर बाय फोर घेतल्याचा उपयोगही उरत नाही. उलट चालू यंत्रणा महिन्यातून एकदा, पाणंदीसारख्या सैल मातीवर, दोन-चार किलोमीटर जोडून चालवली तर आतल्या सगळ्या भागांना ऑइल लागते आणि सील कोरडे पडत नाहीत.

पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण येते. ते पाच वर्षांसाठी असते. अक्कलकोटची गाडी सोलापूरच्या, म्हणजे एमएच-१३ च्या, कार्यालयात जाते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले होते; शुल्काखेरीज राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. तपासणीत ब्रेक रोलरवर पाहिले जातात. एका वेळी एकाच ॲक्सलची चाके फिरवणाऱ्या रोलरवर कायम चारचाकी जोराची गाडी चढवण्यापूर्वी तसे सांगावे. दुसऱ्या जातीच्या गाडीत खटका असेल तर तो दोन चाकांवर ठेवावा, पहिल्या जातीत पुढची चाके सोडवलेली असावीत.